मैदानावर कायम

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नागपुरात सकाळी अंगाला गार वारा लागू लागतो. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसतात. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर स्वेटर उन्हात पडतात. लोकांना हे दिवस फार आवडतात. उन्हाळ्यानं भाजून काढलेल्या या शहराला वर्षातून एवढे काही आठवडेच अंग सैल सोडता येतं. माझं मात्र उलटं होतं. 

हा आमच्या खेळाचा मोसम. कॉलेजच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढल्या जातात. कपाटातली ग्लव्ज बाहेर निघतात, त्यांच्या कातड्याला तेल चोळताना हाताला लागलेला वास दुपारपर्यंत जात नाही. त्या वासाबरोबर एक जुना हिवाळा येतो आणि संक्रांत उलटेपर्यंत माझ्या घरी मुक्काम करतो.

मी मुलींना बेसबॉल शिकवते. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो. मग विचारतो, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" इतकी वर्षं झाली, मी आता "हो" म्हणून टाकते. लग्नाआधी प्रशांतच्या घरचे मला बघायला आले तेव्हाही हाच प्रश्न आला होता. तेव्हा मी उत्साहानं चहाचे कप हलवून चारही बेस, म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, मांडून दाखवले होते. प्रशांत नंतर म्हणाला, मला खेळ नाही कळला, पण कप मांडताना तू ज्या तोंडानं बोलत होती ते तोंड आवडलं.

मी काटोलकडची. वडील एसटीच्या डेपोत कारकून. कॉलेजसाठी नागपुरात आले तोवर बेसबॉल हा शब्द फक्त वाचलेला होता. आमच्या कॉलेजात देवतळे सर शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. सगळं कॉलेज त्यांना पीटी सर म्हणायचं. ते स्वतः खो-खो खेळलेले. कुठल्याशा शिबिरात त्यांनी बेसबॉल पाहिला आणि एक बॅट, दोन ग्लव्ज घेऊन परत आले. तेवढ्यावर त्यांनी मुलींची टीम उभी केली. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीच्या दिशेनं हळूच एक चेंडू फेकला. माझ्यापाशी आले, फेकला, माझ्याकडे पाहिलं, परत फेकला.

"ही पोरगी डोळे मिटत नाही," ते म्हणाले. "हिले कॅचर करू."

कॅचर म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागे, तोंडावर जाळीचा मास्क आणि छातीवर गादी बांधून उकिडवी बसणारी मुलगी. सगळा संघ एका दिशेला तोंड करून उभा असतो, ती एकटी त्यांच्याकडे तोंड करून. मैदान पुरतं तिलाच दिसतं. गुडघे सर्वांत आधी तिचेच जातात. माझेही गेले, पण ते पुष्कळ पुढे. तेव्हा मला त्या जाळीमागून जग इतकं स्वच्छ दिसायचं की मी ठरवून टाकलं, आपल्याला हेच करायचं. बी. पी. एड. केलं, एम. पी. एड. केलं आणि त्याच कॉलेजात सरांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर लागले. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. जूनमध्ये लागायचं, एप्रिलमध्ये सुटायचं, मधला उन्हाळा कूलरसमोर बसून पुढच्या जूनची वाट बघायची. सुटी लागली की शेजारणी विचारायच्या, "मग औंदा झाल्या का कायम?" मी हसायचे. ओवी झाली, चालायला लागली, बालवाडीत गेली, तरी मी तासिकाच होते.

हेड कोच असं पद आमच्याकडे कुठं नसतंच. ते फक्त टीमच्या ब्लेझरवर असतं. सरांच्या ब्लेझरवर ते शिवलेलं होतं. कॉलेजात ते हजेरी बघायचे, निवडणुकीच्या कामाला जायचे, परीक्षेत कॉपी पकडायच्या पथकात बसायचे, गॅदरिंगचा मांडव घालून घ्यायचे. उरलेल्या वेळात, म्हणजे सकाळी सगळं शहर उठायच्या आधी, ते हेड कोच असायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मला उत्तरेकडच्या एका खासगी विद्यापीठातून फोन आला. आधीच्या हंगामात आमचा खेळ त्यांनी पाहिला होता. मुलींच्या संघाला हेड कोच हवी होती, पूर्ण पगारावर, राहायला क्वार्टर. मैदानाचे फोटो त्यांनी पाठवले. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून पाहिले. पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणारीसाठी, मातीचा खरा उंचवटा होता, खेळाडूंना बसायला छत घातलेले कट्टे होते, आणि लांबपर्यंत गवत, ज्याच्या शेवटी कुठलीच भिंत नव्हती. आमच्या मैदानाचा डावा कोपरा तेव्हाच नव्या इमारतीनं खाल्ला होता. त्या बाजूला जोरात मारलेला चेंडू भिंतीवर आपटून परत यायचा आणि मुली त्याला हसायच्या.

प्रशांतचं सीताबर्डीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं फोटो मोठे करून करून पाहिले आणि म्हणाला, "जाय ना मग. दोन वर्षं पाहून घे. ओवीले मी पाहतो, आईले बोलावून घेऊ. नाही जमलं तं वापस ये."

एवढ्या सहज म्हणाला की मला आधी रागच आला. मग रडू आलं.

सरांना सांगायची मला भीती वाटत होती. प्रॅक्टिसनंतर आम्ही दोघं नेहमीप्रमाणे मैदानाबाहेरच्या ठेल्यावर तर्री पोहे खात होतो. मी कसंबसं सांगितलं. सरांनी प्लेट खाली ठेवली.

"मग विचारून काहून राहिली तू मले? जाय."

"सर, टीम..."

"टीमचं मी पाहतो. तू इथं काय करून राहिली वं? जूनमधी लाग, एप्रिलमधी सुट. माझ्यासारखी गॅदरिंगचे मांडव घालत बसशील. जाय तू. मोठं मैदान पाह्य जरा."

त्यांनी ठेलेवाल्याला सांगून माझ्या प्लेटमध्ये आणखी तर्री घालायला लावली. त्या सकाळी मी घरी पायी गेले. ऑटो, बस, सगळं बाजूनं जात होतं, पण मला चालायचंच होतं. आपण सुटलो, असं माझ्या आयुष्यात मला त्या एका सकाळी वाटलं. संघाला घेऊन जानेवारीतली आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची आणि मग तिकडे रुजू व्हायचं, असं ठरलं. तिकडच्या विद्यापीठानंही ते मान्य केलं.

दिवाळीनंतरची एक सकाळ. थंडी नुकती पडायला लागली होती. सर बॅटनं जमिनीलगत चेंडू मारत होते आणि मुली ते उचलून सर ओरडतील त्या बेसवर फेकत होत्या. मी होम प्लेटपाशी, जिथं बॅट घेऊन उभं राहतात तिथं, त्यांच्या शेजारी उभी राहून चेंडू हातात देत होते. "वन," ते ओरडायचे. "टू." मग ते काहीतरी असं ओरडले जे कुठल्याच बेसचं नाव नव्हतं. मुली हसल्या. सरांना मधूनच गंमत करायची सवय होती. त्यांनी पुन्हा तसंच काही म्हटलं आणि बॅट हातातून निसटून खाली पडली. ते त्या बॅटकडे बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा खाली आला होता. पूर्णिमा नावाची आमची पिचर, बुटीबोरीहून पहिल्या बसनं येणारी उंच मुलगी, धावत आली आणि आम्ही दोघींनी त्यांना धरलं. तोपर्यंत मागे कुणीतरी अजून हसत होतं.

लकव्यानं त्यांची एक बाजू गेली आणि भाषा गेली. दवाखान्यात ते शब्द शोधायचे. पाणी मागायचं असलं तरी कपाळावर आठ्या यायच्या, आणि भलताच शब्द बाहेर पडला की डोळ्यांत पाणी यायचं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, आता टीम तुम्हालाच न्यायची आहे. देवतळे सरांचा मान राखा." अशी मी हेड कोच झाले. ब्लेझर सरांचंच होतं, बाह्या दुमडून घातलेलं.

त्या महिन्यात आम्ही जे खेळलो तसं त्यानंतर कधीच खेळलो नाही. मुली रागानं खेळत होत्या, कुणावर ते त्यांनाही माहीत नव्हतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आम्ही जिंकलो, विद्यापीठाचा संघ माझ्याकडे आला. मी आतून दोन ठिकाणी राहत होते. सकाळी या मैदानावर, आणि दुपारी, ओवीला झोपवताना, त्या दुसऱ्या मैदानावर, जिथं भिंत नव्हती. तिकडच्या थंडीसाठी मी सीताबर्डीवरून एक जाड स्वेटर घेऊन ठेवला होता. प्रशांतच्या आईनं गावाहून यायची तयारी केली होती.

निघायच्या आदल्या दुपारी सरांना भेटायला गेले. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. अंगणात, उन्हात, खुर्ची टाकून ते बसले होते. मांडीवर शाल, कडेला त्यांच्या बायको, आमच्या काकू, संत्रं सोलत होत्या. मी पाया पडले. उद्या निघतोय, स्पर्धा झाली की परस्पर तिकडे कागदपत्रं देऊन येते आणि मग महिन्याभरात रुजू होते, असं सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मला वाटलं हसतील, अर्ध्या तोंडानं का होईना. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले.

मला वाटलं शब्द चुकला. तेव्हा त्यांचे शब्द चुकायचेच. मी म्हटलं, "सर, स्पर्धेला जाते आहे."

त्यांनी मान हलवली. घाम आला त्यांना, थंडीत. एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढल्यासारखा काढला. "नको... जाऊ. तू गेली... तं... टीम मोडन."

पकड इतकी घट्ट होती की मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले. चेंडू मारणाऱ्या माणसाचा हात होता तो. डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भीती होती. ज्या माणसानं मला कधी डोळे मिटू दिले नाहीत, त्याच्यासमोर मी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "नाही जात, सर."

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. सोललेलं संत्रं त्यांच्या हातातच होतं. हळूच म्हणाल्या, "त्यायचं मनावर घेऊ नको वं. बिमार माणूस आहे. तू आपली जाय." त्यांनी फाटक उघडून धरलं. मी बाहेर पडले, पण ते मनगट अजून आतच होतं.

रेल्वेत मुली गाणी म्हणत होत्या, किटबॅगांवर पाय टाकून झोपत होत्या. मी खिडकीशी बसून ठरवत होते आणि मोडत होते. त्या स्पर्धेतला शेवटचा सामना आजही डोळ्यांसमोर आहे. आम्ही एका धावेनं मागे. पूर्णिमा तिसऱ्या बेसवर. मी खूण केली नव्हती, तरी ती धाव पुरी करायला होमकडे निघाली, अर्ध्यावर आली आणि समोरच्या कॅचरच्या हातात चेंडू दिसला तशी मागे फिरली. तोवर चेंडू तिच्या मागे पोचला होता. कॅचर आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी चेंडू एकमेकींकडे टाकत तिला मधोमध आणत राहिल्या. ती पुढे धावे, मागे धावे. मी कडेला उभी राहून ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मला आठवत नाही. तिला चेंडू लावून बाद केलं तेव्हा ती जमिनीवर बसलीच.

"मॅडम, मले वाटलं जमन," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी मातीत बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला जाणवलं की आपलं ठरलेलं आहे, ते केव्हाच ठरलं होतं. मुलींना जेवायला पाठवून मी त्या विद्यापीठाला फोन लावला. खूप काही बोलायचं मनात होतं. पलीकडचा माणूस सभ्य होता. "कोई बात नहीं मैडम," तो म्हणाला, "हम दूसरा नाम देख लेते हैं." एवढंच. माझं दुसरं आयुष्य इतक्या कमी शब्दांत आवरलं जाईल असं मला वाटलं नव्हतं.

 घरी आल्यावर प्रशांतनंच तो स्वेटर एका पिशवीत घालून पलंगाच्या पेटीत ठेवला. बऱ्याच दिवसांनी एकदा म्हणाला, "तू गेली असती तं मले जड गेलं असतं. पण हे पाहणं जास्त जड आहे."  

सर निवृत्त झाले. पुढे त्यांची जागा भरायला मंजुरी आली आणि मुलाखत होऊन ती मला मिळाली. शेजारणींना पेढे वाटले. ज्या शब्दासाठी मी इतके उन्हाळे कूलरसमोर बसले होते तो शब्द माझ्या नावापुढे लागला. कायम. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्या दुपारी एकटीच मैदानावर गेले आणि तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, तेव्हा त्यात मला पगार ऐकू आला नाही. नुसता काळ ऐकू आला. हेच मैदान, हीच भिंत, भिंतीवर आपटून परत येणारा हाच चेंडू, कायम.

आता मी हजेरी बघते. निवडणुकीच्या कामाला जाते. गॅदरिंगचा मांडव घालून घेते. मैदानाचा उजवा कोपराही आता पार्किंगला गेला आहे. मुलींना मी उंच मारू नका, जमिनीलगत मारा असं शिकवते. बाहेरचे प्रशिक्षक आमच्या मुलींचा जमिनीलगतचा फटका वाखाणतात, ही तुमची शैली आहे का विचारतात. मी हो म्हणते. टीम मोडली नाही. दर वर्षी नव्या मुली येतात, कुणी काटोलची, कुणी कामठीची, आणि तीन वर्षांनी जातात. मास्क चढवून एखादी मुलगी पहिल्यांदा प्लेटमागे बसते आणि डोळे मिटत नाही, तेव्हा मला खरोखर आनंद होतो. तो झाला नसता तर सगळं किती सोपं झालं असतं.

कधीकधी वाटतं, सरांनी धरलं म्हणून मी थांबले, की मला कुणीतरी धरायलाच हवं होतं. पुष्कळ विचार केला आहे यावर. आता तो शिवण उसवून कडेला पडलेल्या चेंडूसारखा झालाय, त्याला टप्पा उरलेला नाही.

सरांची भाषा हळूहळू परत आली. आधी नावं आली, मग शिव्या, मग वाक्यं. पाय ओढतो, पण थंडीत ते रोज मैदानावर येतात. त्यांचा मुलगा त्यांना ऑटोत बसवून पाठवतो, आम्ही उतरवून घेतो. खुर्चीत बसून ते मुलींना ओरडतात आणि मुलींना ते आवडतं. पूर्णिमा आता माझ्या हाताखाली आहे, तासिका तत्त्वावर. अजूनही बुटीबोरीहूनच येते.

परवा प्रॅक्टिस संपल्यावर आम्ही तिघं बसलो होतो. मुली बॅगा भरत होत्या. पूर्णिमाला बाहेरच्या एका अकादमीनं विचारलं आहे, ती ते सरांना सांगत होती, माझ्याकडे न बघता. सर खुश झाले.

"जाय," ते म्हणाले. "विचार काहून करून राहिली? मी तं हिलेही म्हटलं होतं जाय म्हणून." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "केवढं मोठं मैदान भेटत होतं हिले. मी म्हटलं, टीमचं मी पाहतो, तू जाय. हीच नाही गेली. हिचा जीवच नाही निघाला इथून."

 ते चेष्टा करत नव्हते. तोंडाच्या चांगल्या बाजूनं ते प्रेमानं हसत होते. पोह्यांचा ठेला, तर्री, सगळं त्यांना नीट आठवत होतं, त्या सकाळचे शब्दही जसेच्या तसे. अंगणातली ती दुपार त्यांच्यापाशी नव्हतीच. ती आजारानं नेली होती, आणि आता ती साऱ्या जगात फक्त माझ्यापाशी होती. काकू गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सांगता आलं असतं. मनगट पुढे करून म्हणता आलं असतं की सर, इथं धरलं होतं तुम्ही. पण समोर एक म्हातारा माणूस बसला होता, ज्याला आयुष्यात आपण एका मुलीला मोकळं सोडलं होतं एवढं एक समाधान होतं.

पूर्णिमानं विचारलं, "खरंच मॅडम? तुम्ही स्वतःहूनच राहिल्या?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. काय कळलं तिला, कोण जाणे. अकादमीचं ती पुढे काहीच बोलली नाही. नव्या इमारतीची सावली तोवर सरांच्या पायांवर आली होती आणि त्यांना थंडी वाजायला लागली होती. "उन्हात घ्या वं मले जरा," ते म्हणाले. त्यांच्यासकट खुर्ची उचलणं एकीच्यानं होत नाही. एका बाजूनं मी धरली, आणि मी काही म्हणायच्या आत दुसऱ्या बाजूनं तिनं धरली होती.